कागदावर 425 हॉर्सपॉवर, मग पाव मैलाला साडेतेरा सेकंद का? जुन्या अमेरिकन मसल कारबद्दल प्रश्न

चाकण_बी_शिफ्ट

नमस्कार.

मी चाकणला नोकरीला आहे, राहायला वारज्याला. मध्यंतरी चुलतभावाच्या महिंद्रा बीई 6 मधून पौडमार्गे ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो. येताना गाडी माझ्या हातात होती. 286 पीएसची गाडी, कंपनी 0 ते 100 साठी 6.7 सेकंद सांगते. पाय दाबला की मान सीटला टेकते.

घरी आल्यावर जुन्या अमेरिकन मसल कारचे, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांचे, आकडे वाचत बसलो. 1966 पासून रस्त्यावरच्या गाड्यांत मिळणारं क्रायस्लरचं 426 हेमी इंजिन (426 म्हणजे घन इंच): 7 लिटर, 425 हॉर्सपॉवर. 1970 ची शेव्हरोलेची शेव्हेल एसएस 454, एलएस6 इंजिनवाली: 450 हॉर्सपॉवर. पण याच गाड्यांची उभ्या जागेवरून पाव मैल कापायची वेळ साडेतेरा ते चौदा सेकंद. एवढ्या ताकदीच्या मानाने मला ती फारच सुस्त वाटली. बीई 6 त्यांच्यापेक्षा वजनाने भारी, कागदावर ताकद दीडशे घोड्यांनी कमी, आणि तरीही फार मागे नाही.

तेव्हा हे आकडे फुगवलेले होते का? आणि ब्रेक ड्रमचे, वळणावर अंग टाकणारी, लिटरला चार किलोमीटर एव्हरेज देणारी गाडी असेल तर साठ वर्षांनंतरही लोक तिच्यावर जीव का टाकतात? ज्यांनी अशी गाडी चालवली आहे किंवा तिचं इंजिन उघडलं आहे त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

कॉन्टेसा_औंध

आमच्या घरी कॉन्टेसा क्लासिक आहे, 1.8 लिटर इसुझू इंजिनवाली. रविवारी सकाळी बाहेर काढतो. सिग्नलला थांबलो की बाजूचा रिक्षावाला हमखास म्हणतो, "काय गाडी आहे साहेब!" इंजिन किती सीसीचं हे कोणी विचारत नाही. लांब बॉनेट, सपाट नाक, रुंद खांदे. माझ्या मते मसल कारचं निम्मं कौतुक रूपातच आहे. 1968 ते 70 च्या डॉज चार्जरचा तो झाकलेल्या दिव्यांचा चेहरा बघा, बाकी काही सांगावं लागत नाही.

डायनोवाली

बी शिफ्ट, तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग माझ्या पोटापाण्याच्या कामातला आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. माझी सगळी नोकरी इंजिन टेस्ट बेंचवर झाली. आधी पिंपरीत, मग बरीच वर्षं मिशिगनमध्ये, आता परत पुण्यात.

आकडा खोटा नव्हता, मोजायची पद्धत निराळी होती. 1971 पर्यंत अमेरिकन कंपन्या "ग्रॉस" हॉर्सपॉवर छापत. इंजिन गाडीत नाही, स्टँडवर. एअर क्लीनर काढलेला, अल्टरनेटरचा भार नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, त्याजागी मोकळे पाइप, आणि इग्निशन टायमिंग त्या इंजिनला सगळ्यात मानवेल तसं लावलेलं. असं इंजिन कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीत कधीच नव्हतं. 1972 पासून "नेट" आकडा आला, म्हणजे गाडीत असतं ते सगळं जोडून मोजलेला. दोन्हींतला फरक एकाच इंजिनवर बघायचा असेल तर 1971 ची शेव्हेल घ्या. त्या वर्षी जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले. 454 च्या एलएस5 इंजिनला ग्रॉस 365, नेट 285. इंजिन तेच, वर्ष तेच, आणि ऐंशी घोडे कागदावरून गायब.

याची उलटी बाजूही आहे. काही इंजिनांचे आकडे मुद्दाम कमी लिहिले जायचे. शेव्हरोलेच्याच कॅमेरो झेड/28 चं 302 इंजिन ट्रान्स-अ‍ॅम शर्यतीच्या 5 लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून बनवलेलं. कागदावर ते 290 चं. इंजिनाच्या धंद्यातला कोणी त्या 290 वर विश्वास ठेवत नाही. आकडा मोठा दिसला की विमा कंपन्या तरुण मालकाकडून जादा हप्ता घ्यायच्या, त्यामुळे आकडा झाकून ठेवण्यात गिऱ्हाइकाचंही हित होतं.

म्हणून मी अशा गाड्यांचं माहितीपत्रक बाजूला ठेवते आणि पाव मैल संपताना गाडी किती वेगात होती ते शोधते. किती सेकंद लागले ते टायरवर ठरतं, शेवटी वेग किती होता ते इंजिनावर. सुरुवातीला चाकं जागच्या जागी फिरली की सेकंद वाया जातो, पण त्या 402 मीटरमध्ये गाडीने गोळा केलेला वेग ताकदीशिवाय येत नाही. चांगल्या हेमीचा किंवा एलएस6 शेव्हेलचा हा वेग त्या काळच्या चाचण्यांमध्ये ताशी 100 ते 105 मैलांच्या घरात होता. चालकासकट वजन 1,800 किलो धरलं तर हिशेब साधारण 310 ते 360 हॉर्सपॉवरवर येतो. म्हणजे तुमच्या चुलतभावाच्या गाडीपेक्षा ताकद जास्तच आहे, फक्त ती रस्त्यावर उतरत नव्हती.

का उतरत नव्हती? 14 इंची चाकं, तीही रेडियल टायरची नव्हेत, जुन्या बायस-प्लाय टायरची. मागे सरळ अ‍ॅक्सल. क्रायस्लरच्या गाड्यांत त्याला पाटे. क्लच झटक्यात सोडला की चाक फिरायच्या आधी अ‍ॅक्सलच पिळवटतो, पाटे वाकून इंग्रजी एस अक्षरासारखे होतात, मग सुटतात, आणि मागची चाकं डांबरावर नाचायला लागतात. क्रायस्लरने पाट्याचा अ‍ॅक्सलच्या पुढचा भाग आखूड आणि कडक ठेवला तो याच कारणाने. मला ही युक्ती फार आवडते. एकही जादा सुटा भाग न लावता पाट्यालाच टॉर्क थोपवायला लावलं. तुमच्या बीई 6 ला रुंद रेडियल टायर आहेत आणि चाक घसरायला लागलं की क्षणात टॉर्क कापणारा संगणक आहे. 1966 साली ते काम चालकाच्या उजव्या पायाकडे होतं.

आता कौतुकाबद्दल. कॉन्टेसावाल्या दादा, रूपाचं तुमचं म्हणणं पटतं, पण निम्मं नाही. तुमची गाडी देखणी आहे, तिचं शरीर मात्र ब्रिटिश व्हॉक्सहॉलचं आणि इंजिन नव्वद हॉर्सपॉवरच्या आतलं. मसल कार ज्या एका गोष्टीमुळे झाली ती बॉनेटखाली होती: साध्या माणसाच्या साध्या गाडीत कारखान्यानेच घातलेलं, गरजेपेक्षा फार मोठं इंजिन.

1964 ची पाँटियाक जीटीओ हे याचं मूळ. 1963 च्या जानेवारीत जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून बाहेर काढलं. पाँटियाकचं नाव तर शर्यतीवर उभं होतं. तिथला मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या लक्षात आलं की मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये बसणारं 326 घन इंची इंजिन आणि मोठ्या गाडीतलं 389 घन इंची इंजिन बाहेरून सारखंच आहे. माउंटिंग तेच. म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन काही न कापता, न जोडता त्या गाडीत उतरतं. अडचण एकच होती. मधल्या आकाराच्या गाडीत 330 घन इंचांच्या वर जायचं नाही असा कंपनीचा नियम. नवीन मॉडेल काढलं तर वर मंजुरीला जावं लागणार. मग त्यांनी मॉडेल काढलंच नाही, टेम्पेस्टच्याच ल मान्स प्रकारावर घ्यायचं एक पॅकेज म्हणून ते विकलं, सुमारे 296 डॉलरला. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्या वर्षी 32,450 खपल्या.

हा सगळा इतिहास कौतुकाचा आहे असं मी मानते, कारण त्याआधी एवढी ताकद हवी तर सहसा मोठी किंवा महागडी गाडी घ्यावी लागे. 1968 ची प्लिमथ रोड रनर तर याच्याही पुढे गेली. 2,896 डॉलर. पुढे बाकासारखं सलग सीट, खाली गालिचाऐवजी रबर, आत चमकधमक काही नाही, पण 383 घन इंची इंजिन आणि जड सस्पेन्शन किमतीतच. 714 डॉलर जास्त दिले की तीच गाडी हेमीसह. कारखान्यात पाळी करणारा पंचविशीतला मुलगा हप्त्यावर ती घेऊ शकत होता आणि शुक्रवारी संध्याकाळी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर कितीतरी पट किमतीच्या गाडीच्या शेजारी सिग्नलला उभा राहू शकत होता. तुम्ही चाकणला पाळी करता म्हणून मुद्दाम सांगते. या गाड्या तुमच्यासारख्यांसाठीच बनवल्या होत्या.

मिशिगनला माझे शेजारी पाँटियाकच्याच कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांची 1966 ची जीटीओ तरुणपणी घेतलेली, नंतर विकलीच नाही. त्या एका वर्षात 96,946 जीटीओ खपल्या, जीटीओचं सगळ्यात चांगलं वर्ष ते. 389 इंजिन, एक चार नळ्यांचा कार्ब्युरेटर, चार गिअर. त्यांनी मला चावी दिली ती एका अटीवर: "आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालव, पहिल्यात घाई करू नकोस."

ती अट का, ते लगेच कळलं. ताशी 40 किलोमीटरला, तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन पंधराशे आरपीएमच्या आसपास. आपल्याकडच्या छोट्या पेट्रोल गाडीत तिथे पाय दाबला तर इंजिन आधी कुरकुरतं, गिअर खाली आणावा लागतो. इथे काहीच करावं लागलं नाही. पाय खाली गेला, नाक उचललं, शेपूट बसली, आणि गाडी एका लांब ढकलीने पुढे गेली. ढकल कमी होत नव्हती. कारण कागदावरच आहे: 431 फूट-पाउंड, म्हणजे 584 न्यूटन मीटर, आणि तेही 3,200 आरपीएमला. तो आकडाही ग्रॉसच आहे, थोडा कापून घ्या, तरी उरतो तो पुष्कळ. 1970 च्या ब्यूक 455 ला 510 फूट-पाउंड होते, 2,800 आरपीएमला. मी आयुष्यभर टॉर्कचे आलेख काढले, पण आलेखाची डावी बाजू एवढी भरलेली असली की शरीराला काय होतं ते त्या दिवशी कळलं.

इलेक्ट्रिक गाडीही शून्यापासून टॉर्क देते, आणि जास्त चोख देते. पण ती तो कुठून आणते हे तुम्हाला जाणवत नाही. जीटीओ उभी असताना नुसती रेझ केली तरी अख्खी गाडी एका अंगाला झुकते, कारण क्रँक फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढाच उलटा जोर ब्लॉकवर येतो आणि माउंटिंगमधून चासीपर्यंत पोहोचतो. पायाखालचा दांडा कार्ब्युरेटरची पाती कशी उघडतो ते तळव्याला कळतं. पुढच्या दोन नळ्यांवर गाडी शांत चालते, मागच्या दोन उघडल्या की हवा आत ओढल्याचा खोल घुमारा बॉनेटमधून येतो. यंत्र काय करतंय ते सगळं अंगावर येतं. मला स्वतःला हे कुठल्याही सेकंदापेक्षा मोलाचं वाटतं.

ब्रेकची बाजू घेणार नाही. 1966 च्या जीटीओला चारही ड्रम, डिस्क 1967 ला मिळाले, तेही जादा पैसे देऊन. पहिला जोराचा ब्रेक ठीक लागतो, लगेच दुसरा मारला तर पेडल खाली जातं आणि गाडी बाजूला ओढते. स्टिअरिंग हलकं आणि मुकं. खंबाटकीचा उतार मी त्या गाडीत घेणार नाही. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. कॅमेरो झेड/28 आणि मस्टँग बॉस 302 शर्यतीच्या वळणांसाठीच घडवल्या होत्या, त्या वळतात.

चाकण_बी_शिफ्ट

ताई, मनापासून आभार. शेवटच्या वेगावरून ताकद काढायची पद्धत मला माहीतच नव्हती. रात्रपाळीत दोन मित्रांना समजावूनही सांगितली.

अजून दोन गोष्टी. त्या आवाजात असं काय असतं? आठ सिलिंडरच्या इतरही गाड्या आहेत, त्यांचा आवाज असा गडगडत नाही. आणि पुण्यात अशी गाडी कोणी ठेवली तर तिचं इंजिन इथे कोण बघणार, पेट्रोल कुठलं घालणार?

हेडवाला_नाना_पेठ

दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देतो. आमचं बोअरिंग, हेड आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम, वडिलांपासूनचं.

पुण्यात अमेरिकन इंजिन नवीन नाही. शेठ वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीत कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जायच्या. ती सहा सिलिंडरची साइड व्हॉल्व इंजिनं मी वडिलांच्या हाताखाली उघडली आहेत. इंची पाने, इंची मायक्रोमीटर, थाऊमध्ये (इंचाच्या हजाराव्या भागात) मापं, हे आमच्याकडे तेव्हापासून आहे. V8, म्हणजे दोन बाजूंना चार-चार सिलिंडरचं इंजिन, नंतर आलं. एका संग्राहकाचा 383 क्रायस्लरचा ब्लॉक आमच्या मशीनवर चढला होता. फियाट पद्मिनीचा पिस्टन 68 मिमीचा. याचा 108 मिमीचा. दुकानातली पोरं तो हातात घेऊन बघत होती. ओतीव लोखंड मात्र अव्वल. तीस थाऊ बोअर वाढवला तरी भिंत जाड होती, आणि आत एकही गुंतागुंतीची गोष्ट नाही. एक कॅम, सोळा पुशरॉड, सोळा व्हॉल्व. जो अँबेसेडरचं इंजिन नीट बांधतो तो हे बांधू शकतो, फक्त उचलायला चेनब्लॉक दणकट पाहिजे.

आता पेट्रोल. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटला जपायचं. ते आपल्याकडे 2000 साली बंद झालं. म्हणून हेड उघडलं की आधी कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. नाही बसवल्या तर व्हॉल्व हेडमध्ये बुडत जातो, टॅपेटची गॅप संपते, मग कॉम्प्रेशन जातं. एलएस6 सारख्या इंजिनाचं कॉम्प्रेशन 11.25, साधं पेट्रोल त्याला पुरत नाही, नॉकिंग ऐकू येतं. 100 ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात डिसेंबर 2020 पासून निवडक पंपांवर मिळतं, तेच घालावं.

20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल घालावंच लागलं तर कार्ब्युरेटरचे जेट मोठे करा, कारण इथेनॉलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं. पाइप, डायफ्राम, फ्लोटचे वॉशर सगळे इथेनॉल सोसणारे बसवा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, इथेनॉल पाणी ओढतं.

गरम होण्याचं म्हणाल तर स्वारगेटच्या चौकात मे महिन्यात अर्धा तास उभी करू नका. रेडिएटर साफ, पंख्याभोवतीचं श्राउड जागेवर, एवढं असलं तर ती पुण्यात राहते. लोक श्राउड काढून फेकतात आणि मग गाडीला नावं ठेवतात.

कागदपत्रांचं: 50 वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला 20,000 रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं यासाठी रस्त्यावर आणता येते.

कॉन्टेसा_औंध

काका, श्राउडचं अगदी बरोबर. आमच्या गाडीलाही तोच उपाय लागू पडला. आणि ताई, इंजिनाचा मुद्दा मान्य, तरी चार्जरचा चेहरा मी सोडणार नाही.

डायनोवाली

नका सोडू, तो सुंदरच आहे.

हेडवाले काका, जेटचं तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक कार्ब्युरेटरवाल्याने वाचायला हवं. आकड्यात सांगायचं तर निव्वळ पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलला साडेतेराच्या आसपास. संगणक असलेली गाडी हे स्वतः सांभाळते, कार्ब्युरेटर सांभाळत नाही.

बी शिफ्ट, आवाजाबद्दल. या V8 चे क्रँकपिन, म्हणजे पिस्टनचे दांडे क्रँकला जिथे जोडतात त्या जागा, एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून याला क्रॉसप्लेन म्हणतात. पूर्ण इंजिन बघितलं तर दर 90 अंशांना एक स्फोट, अगदी समान. पण एकेक बाजू वेगळी ऐकली तर समान नाही. शेव्हरोले, पाँटियाक, क्रायस्लर यांचा सिलिंडर पेटायचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2. विषम आकडे डाव्या बाजूचे, सम उजव्या. डाव्या बाजूचेच मोजा: 1 नंतर 3 यायला 270 अंश, 3 नंतर 5 ला 180, 5 नंतर 7 लगेच 90 वर, 7 नंतर परत 1 ला 180. एक लांब थांबा, मग दोन स्फोट जवळजवळ चिकटून. उजव्या बाजूचंही तसंच. या गाड्यांना दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट बऱ्याचदा शेवटपर्यंत वेगळे असतात, म्हणून तो असमान ठेका विरून जात नाही. शर्यतीच्या सपाट क्रँकच्या V8 ला प्रत्येक बाजूला दर 180 अंशांना एक स्फोट, त्यामुळे आवाज सरळ आणि किंचाळणारा.

आयडलला जो खोळंबत चालल्यासारखा आवाज येतो तो व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमचा. इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व काही काळ एकदमच उघडे राहतात. जास्त आरपीएमला त्याचा फायदा होतो, कमी आरपीएमला जळालेला वायू परत आत येतो आणि काही स्फोट अर्धवट होतात. सौम्य कॅमच्या जीटीओला हे कमी ऐकू येतं, झेड/28 ला फार.

पुण्यात व्हिंटेज गाड्यांचं प्रदर्शन लागलं आणि त्यात अशी एखादी V8 आली, तर मालकाची परवानगी घेऊन गाडी सुरू होताना मागे उभे राहा. आधी खाली वाकून दोन्ही पाइपांना जोडणारी आडवी नळी आहे का बघा. ती नसेल तर डाव्या पाइपाच्या अगदी जवळ जा, 5 आणि 7 ची जोडी वेगळी ऐकू येईल. नळी असेल तर दोन्ही बाजू थोड्या मिसळतात आणि जोडी पकडायला कान जरा जास्त द्यावा लागतो.